पेन्सिल सेलची खरी किंमत

किराणा दुकानात दोन पेन्सिल सेल मागितले की समोरून प्रश्न येतो, "साधे देऊ की चांगले?" साधे म्हणजे वर्षानुवर्षे पाहिलेले, सुटे मिळणारे. चांगले म्हणजे पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये बंद केलेले, तिप्पट किमतीचे. आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेल्या विक्रेत्याकडे तिसराही प्रकार मिळतो. त्याचे नाव कुणी कधी ऐकलेले नसते, पण चार सेलचा संच फार स्वस्तात मिळतो. आपण सवयीने किंवा खिशाकडे पाहून काहीतरी उचलतो. रक्कम किरकोळ, म्हणून पुढे विचार होत नाही. पण भिंतीवरची घड्याळे, टीव्ही आणि एसीचे रिमोट, गॅस गिझर, मुलांची खेळणी, रक्तदाबाचे यंत्र, माऊस, वजनकाटा असे मोजत गेले तर घरात किती सेल कामाला लागलेले आहेत हे पाहून आश्चर्य वाटते, आणि हा खर्च दरवर्षी होत राहतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. स्वस्त घ्यावा की नावाजलेला, हा प्रश्न अर्धवट आहे. सेलच्या आत कोणते रसायन आहे आणि तो ज्या वस्तूत बसणार तिला किती वीज लागते, हे प्रश्न आधी यायला हवेत. कंपनीचे नाव त्यानंतर पाहायचे. दुकानदाराच्या "साधे की चांगले" या दोन शब्दांत हे सगळे एकत्र कालवले जाते आणि ग्राहकाची फसगत तिथेच सुरू होते.

साधा सेल म्हणजे झिंक-कार्बन. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा ओला सेल बनवला. पुढे वीसेक वर्षांनी जर्मनीत कार्ल गासनरने त्यातला द्रव सांडणार नाही असा घट्ट केला आणि जस्ताचेच भांडे करून त्यात तो भरला. ती रचना आजही मुळात तशीच आहे. जस्ताचा डबा हा ऋण ध्रुव, मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती काळी भुकटी. जुना सेल फोडून ती कांडी काढायची आणि फरशीवर रेघा ओढायच्या, हा उद्योग एका पिढीने तरी मनापासून केला आहे. या रचनेत मूळचाच एक दोष आहे. वीज देताना जस्त खर्ची पडते, म्हणजे डब्याची भिंतच झिजत जाते. सेल संपत आला की तिला भोके पडतात आणि आतला ओलावा बाहेर येतो. रिमोटच्या स्प्रिंगवर जी पांढरी-हिरवी कीड चढते तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

अल्कलाइन सेलमध्येही जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडच असते, पण मांडणी उलटी. जस्ताची भुकटी करून ती जेलीसारख्या घट्ट माध्यमात मधोमध भरलेली असते, इलेक्ट्रोलाइट म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात आणि बाहेरचा डबा पोलादी असतो, तो क्रियेत झिजत नाही. भुकटीमुळे रासायनिक क्रियेला मिळणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, त्यामुळे हा सेल एकदम जास्त वीज मागितली तरी दमत नाही. लुईस अरी या कॅनेडियन अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत युनियन कार्बाइडसाठी हे काम केले. त्याच युनियन कार्बाइडची भारतातली कंपनी तेव्हा देशभर एव्हरेडीचे सेल विकत होती. तरीही भारतीय घरांत अल्कलाइन सेल कित्येक दशके आला नाही आणि आजही आपल्या बाजारात खपणाऱ्या सेलमध्ये बहुसंख्य झिंक-कार्बनच आहेत. त्याला कंजूषपणा म्हणणे चुकीचे ठरेल. बॅटरी आणि ट्रान्झिस्टर या दोन वस्तूंवर हा बाजार उभा राहिला. लोक सेल जोडीने, गरज पडेल तेव्हा, हातातल्या सुट्या पैशांत घेत. त्या कामाला आणि त्या खिशाला झिंक-कार्बन पुरत होता.

वेष्टनावरचे शब्द इथे फार दिशाभूल करतात. 'हेवी ड्यूटी', 'सुपर हेवी ड्यूटी' असे ठळक अक्षरांत छापलेला सेल जोरदार असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो झिंक-कार्बनच असतो. बहुतेकदा त्यात इलेक्ट्रोलाइट म्हणून नवसागराऐवजी झिंक क्लोराइड वापरलेले असते, त्यामुळे तो जुन्या साध्या सेलपेक्षा थोडा बरा, इतकेच. अल्कलाइन सेलवर 'अल्कलाइन' हा शब्द असतोच, कारण उत्पादकाला तो मिरवायचा असतो. तो दिसला नाही तर सेल साधा समजावा. आणखी एक खात्रीची खूण बारीक अक्षरांत असते. पेन्सिल सेलवर नुसते 'आर६' असेल तर झिंक-कार्बन, त्याआधी 'एल' असेल, म्हणजे 'एलआर६', तर अल्कलाइन. रिमोटच्या बारक्या सेलसाठी हेच 'आर०३' आणि 'एलआर०३', मोठ्या सेलसाठी 'आर२०' आणि 'एलआर२०'. ही खूण आंतरराष्ट्रीय मानकातली आहे आणि ती वाचायला भिंग लागले तरी वाचावी.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सेलमध्ये ठरावीक वीज भरलेली आहे आणि ती सावकाश घेतली काय किंवा भराभर घेतली काय, तेवढीच मिळणार, असा आपला समज असतो. तो खरा नाही. भराभर वीज ओढली तर कोणताही सेल कमी देतो आणि झिंक-कार्बन तर फारच कमी. ढोबळमानाने बोलायचे तर साधा पेन्सिल सेल अगदी संथ वापरात ८०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास देतो, अल्कलाइन २,५०० च्या आसपास. म्हणजे तिप्पट. पण मोटर असलेल्या खेळण्याने ५०० मिलिअँपिअर ओढायला सुरुवात केली की साध्या सेलमधून त्या ८०० चा पाव भाग मिळतानाही मारामार होते, तर अल्कलाइन निम्म्याहून अधिक वीज देऊन जातो.

हे रुपयांत मांडून पाहू. समजा, साधा सेल १८ रुपयांना आणि अल्कलाइन ५० रुपयांना पडला. भिंतीवरचे घड्याळ सरासरी एक दशांश मिलिअँपिअरच्या आगेमागे वीज घेते. तिथे साधा सेल अकरा महिने जाईल, अल्कलाइन पावणेतीन वर्षांहून जास्त. वर्षाचा खर्च काढला तर साध्याचा वीस रुपये, अल्कलाइनचा साडेसतरा. फरक नसल्यातच जमा. घड्याळ दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरतेच, तेव्हा त्यात नवा साधा सेल घालावा, काम भागले. तीन-तीन वर्षे एकच सेल आत ठेवून तो पाझरण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही. आता तेच गणित खेळण्यातल्या मोटारीला लावा. साधा सेल तिथे जेमतेम पंचवीस मिनिटे धड चालतो, अल्कलाइन तीन तासांच्या आसपास. किंमत तिप्पट, काम सहा-सातपट. म्हणजे ज्याला आपण स्वस्त म्हणून घेतो तोच सेल खेळण्यात दुपटीहून महाग पडतो.

रिमोटचे तसे नाही. तो बटण दाबतानाच काय ती वीज घेतो, एरवी जवळजवळ शून्य. साधा सेल तिथे उत्तम चालतो. गॅस गिझरमधले दोन मोठे सेल ठिणगी पाडतात आणि पाणी वाहते आहे तोवर गॅसची झडप उघडी धरतात. चांगल्या प्रतीचे झिंक-कार्बन सेल त्याला पुरतात, मात्र न्हाणीघरातल्या दमटपणाने त्यांची टोके गंजतात, म्हणून हिवाळा सुरू होण्याआधी डबी उघडून पाहावी. रक्तदाबाच्या यंत्रात हवा भरणारा पंप असतो आणि तो एका दमात बरीच वीज ओढतो. सेल दमलेले असले तर मोजणी मध्येच थांबते. आजारी माणसाच्या उशाशी असलेल्या यंत्रात पाच-पंचवीस रुपये वाचवू नयेत. तिथे अल्कलाइनच हवा आणि घरात एक न उघडलेला जादा संच हवा.

खेळण्यात 'मेलेला' सेल घड्याळात पुन्हा चालतो, हे घरोघरच्या आयांना फार आधीपासून ठाऊक आहे आणि ते शास्त्राला धरूनही आहे. मोटरला लागणारा दाब सेल देऊ शकत नाही म्हणून खेळणे थांबते, पण आत वीज शिल्लक असते आणि घड्याळासारखी संथ वस्तू ती पुढे कित्येक आठवडे वापरते. बॅटरीतले सेल उन्हात ठेवण्याची जुनी रीतही पूर्णपणे खुळी नव्हती. रात्रीच पंपाला वीज मिळते म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला विंचू-सापापासून वाचवणारा बॅटरीचा तो एकच उजेड होता. विश्रांतीने आणि उबेने सेलमधली क्रिया थोडी मोकळी होते, त्यामुळे आणखी काही मिनिटांचा उजेड मिळतो. नवी वीज मात्र तयार होत नाही, उलट डबा झिजलेला असेल तर उन्हाने तो लवकर फुटतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर नवे सेलही पत्र्याखाली ठेवू नयेत. उष्णतेने ते वापराविनाच उतरत जातात. अल्कलाइन सेल जमिनीवर उभा टाकला आणि उसळला तर तो संपला, अशीही एक परीक्षा सांगतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती तपासली. आतल्या जस्ताचे झिंक ऑक्साइड होत जाते म्हणून सेल उसळतो हे खरे निघाले, पण तो अर्धा वापरला गेला की पूर्ण उसळायला लागतो. म्हणजे सेल नवाकोरा नाही एवढेच त्यावरून कळते.

रसायन आणि काम ठरले की मग नावाचा प्रश्न. आपल्याकडे या नावांना मोठा इतिहास आहे. एव्हर रेडीचे सेल १९०५ पासून भारतात विकले जाऊ लागले, १९३४ मध्ये कलकत्त्यात कंपनी नोंदली गेली, १९५९ मध्ये ती युनियन कार्बाइड इंडिया झाली. भोपाळची १९८४ ची दुर्घटना याच कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातली. १९९४ मध्ये कंपनी खेतान यांच्या समूहाकडे आली आणि पुढे एव्हरेडी इंडस्ट्रीज या नावाने चालू राहिली. मुंबईचा एस्ट्रेला, अलाहाबादचा जीप, बडोद्याचा नोव्हिनो, नेल्लोरच्या कारखान्यातून येणारा निप्पो, ही नावे ट्रान्झिस्टरच्या काळातल्या वाचकांना आठवतील.

या नावांमध्ये खरोखर स्पर्धा होती का? भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये दिलेला आदेश प्रत्येक ग्राहकाने माहीत करून घ्यावा असा आहे. झिंक-कार्बन सेलच्या बाजारात एव्हरेडी, निप्पो बनवणारी इंडो नॅशनल आणि पॅनासॉनिक एनर्जी इंडिया यांनी संगनमताने किमती ठरवल्या, असा निष्कर्ष आयोगाने काढला. एव्हरेडीला १७१ कोटी ५५ लाख आणि इंडो नॅशनलला ४२ कोटी २६ लाख रुपयांचा दंड झाला. पॅनासॉनिकने स्वतःहून माहिती दिल्यामुळे तिचा दंड पूर्ण माफ झाला. आदेशाविरुद्ध अपिले झाली, हेही सांगायला हवे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पन्नास पैसे, रुपया असा फरक पाहून आपण ज्या साध्या सेलांत निवड करत होतो, त्यांच्या किमती गुणवत्तेवरून ठरत नव्हत्या.

त्याच काळातल्या आणखी दोन प्रकरणांतून दुसरी गोष्ट बाहेर आली. जीप आणि गोदरेज या नावांनी विकले जाणारे काही सेल पॅनासॉनिकच्या कंपनीने बनवून दिलेले होते. वेष्टन वेगळे, नाव वेगळे, कारखाना एक. हा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेत कॉस्टको या साखळी दुकानाचे स्वतःच्या नावाचे स्वस्त सेल ड्युरासेल बनवते, हे कॉस्टकोच्या प्रमुखांनीच जाहीरपणे सांगितलेले आहे. त्यामुळे मोठ्या दुकानसाखळीच्या स्वतःच्या नावाचा अल्कलाइन सेल हलका असेल असे गृहीत धरू नये. दोन प्रसिद्ध कंपन्यांच्या अल्कलाइन सेलांत जो फरक असतो तो रसायनांतल्या फरकापुढे अगदी थोडा असतो. पाझरण्याच्या बाबतीतही नाव म्हणजे हमी नव्हे. नामांकित अल्कलाइन सेलही पाझरतात, विशेषतः पूर्ण उतरल्यावर उपकरणात तसेच पडून राहिले तर. आत वायू साठतो, दाब वाढतो, झाकण सुटते. त्यावर उपाय एकच, महिनोन्महिने न लागणाऱ्या वस्तूतून सेल काढून ठेवणे. जुना-नवा सेल आणि साधा-अल्कलाइन सेल एका डबीत कधीही एकत्र घालू नयेत, कारण त्यात कमजोर सेल उलटा चार्ज होऊन फुटतो.

मग नाव नसलेला सेल का घेऊ नये? त्यात काय भरले आहे हे शोधायला जागाच नसते, म्हणून. जस्ताचा पत्रा पातळ, सील हलके, तारीख नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. असा सेल बाराशे रुपयांच्या रिमोटमध्ये घालून पंधरा रुपये वाचवण्यात अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोचे घरगुती सेलसाठी आयएस ८१४४ हे मानक आहे. आयएसआय खूण, प्रकार, तारीख आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता असलेला साधा सेल हा खरा स्वस्त सेल. त्यांतला कोणत्याही कंपनीचा, जो कमी किमतीत मिळेल तो घ्यावा. माझ्या मते स्वस्त आणि महाग यांच्यातली खरी रेघ इथे, पत्ता असलेल्या आणि नसलेल्या सेलच्या मधून जाते.

ज्या घरात लहान मुले आहेत आणि खेळणी रोज धावतात तिथे रिचार्जेबल सेलच घ्यावेत. निकेल-मेटल हायड्राइड हे त्यांचे रसायन. पूर्वीचे असे सेल नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरत. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप आणला आणि ही तक्रार मिटली, कारण वर्षभर ठेवूनही त्यात बरीच वीज शिल्लक राहते. अडीचशे रुपयांचा सेल दोनशे वेळा चार्ज झाला तरी दर खेपेला सव्वा रुपया पडतो, आणि चांगला सेल त्याहून कितीतरी जास्त वेळा चार्ज होतो. त्याचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो म्हणून लोक बिचकतात, पण वापरात अल्कलाइनचाही दाब लवकरच तिथवर येतो, रिचार्जेबल मात्र तो शेवटपर्यंत टिकवतो. दाराच्या डिजिटल कुलपात तो घालू नये. त्याचा दाब अचानक पडतो, त्यामुळे सेल उतरत आल्याची कुलपाची सूचना वेळेवर येत नाही.

इथे मात्र नावाला पूर्ण महत्त्व द्यावे, कारण रिचार्जेबल सेलच्या बाजारात खोटे आकडे सर्रास छापलेले असतात. पेन्सिल आकाराच्या निकेल सेलची क्षमता २,८०० मिलिअँपिअर-तासांच्या पुढे फारशी जात नाही. त्यावर ४,००० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो सेल तिथेच खाली ठेवावा. चार्जरही नुसता ठरावीक वेळ चालणारा नको, सेल भरला की आपोआप थांबणारा हवा. हलक्या चार्जरने चांगले सेल वर्षात संपतात.

बटण सेलबद्दल किमतीपलीकडचे बोलायला हवे. वजनकाटा, छोटे रिमोट, मोटारीची किल्ली, आवाज करणारी खेळणी यांत २० मिलिमीटर व्यासाचा चपटा लिथियम सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे खोल जखम होऊ शकते. सेल फुटलेला नसला, उतरलेला असला तरीही. अशा वेळी उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. ज्या खेळण्याची सेलची डबी स्क्रूने बंद होत नाही ते कितीही स्वस्त असो, घरात आणू नये. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, ती पाहावी.

वापरलेले सेल कचऱ्याच्या बादलीत जातात, ही सगळ्यांची सवय. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती सेलसुद्धा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तोवरचे २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी होते. नवे सेल घेताना जुने परत कुठे द्यायचे, हे दुकानदाराला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारत राहिले तरच ती जबाबदारी कागदावरून खाली उतरेल.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. बिस्किटाच्या पुड्यावर वजन असते, गव्हाच्या पिठावर वजन असते, पण साध्या किंवा अल्कलाइन सेलवर तो किती तास चालेल याचा एकही आकडा नसतो. मोजायची पद्धत नाही असे नाही. खेळण्यासाठी ३.९ ओहमच्या भारावर रोज एक तास सेल चालवायचा आणि दाब ०.८ व्होल्टवर येईपर्यंतचा काळ मोजायचा, अशा चाचण्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेल्या आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत रिचार्ज न होणाऱ्या सेलवर ठरावीक वापरातला किमान सरासरी कालावधी छापण्याची तरतूद आहे. भारतीय मानक ब्युरोने आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने हीच सक्ती इथे करावी. घड्याळात इतके महिने, खेळण्यात इतके तास, असे दोन आकडे मराठी-हिंदीत प्रत्येक सेलवर छापले गेले पाहिजेत. ग्राहक पंचायतींनी हा विषय हाती घ्यावा आणि वाचकांनी त्यांना तसे लिहावे.